समाजवादी समाजात ‘नको’ म्हणता येईल का?

प्रश्न असा आहे: उद्या समाजवादी समाज प्रत्यक्षात आला असं धरलं, तर साध्या माणसाचा दिवस कसा जाईल? कोणतं काम करायचं हे कोण ठरवेल? घर कसं मिळेल? एखाद्याला वेगळ्या घडणीचे बूट हवे असतील तर ते मिळतील, की सगळ्यांच्या पायात एकाच साच्यातले? आणि जाता जाता विचारलेला, पण मला सगळ्यात मोलाचा वाटलेला प्रश्न: ‘सगळं सभेत ठरणार असेल आणि मला सभाच आवडत नसतील, तर मी काय करायचं?’

मी अनेक वर्षं कामगारांच्याच मालकीच्या उद्योगांबरोबर काम करते. त्यांचे पोटनियम लिहायला मदत करायची, पगाराच्या श्रेणी आणि पाळ्या ठरताना मध्ये बसायचं, वाद विकोपाला गेला की दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या, हे माझं रोजचं काम. असे उद्योग म्हणजे समाजवाद नव्हे. ते बाजारातच जगतात. पण मालक नसलेल्या जागी माणसं कशी वागतात, कुठे अडतात, कशावरून रुसतात, हे तिथे जवळून दिसतं. त्या अनुभवावरून आणि इतिहासात जे घडून गेलं त्यावरून उत्तर देते.

समाजवादी समाज म्हणताना मी एवढंच धरते: कारखाने, जमीन, मोठ्या यंत्रणा मूठभरांच्या खासगी मालकीच्या नाहीत, घर, औषधोपचार, शिक्षण, प्रवास या गरजा हक्काने भागतात, आणि समाजाने आपली ताकद पुढच्या काही वर्षांत कशावर लावायची हे उघडपणे ठरतं, नफ्याच्या गणितावर सोडलेलं नसतं. पैसा राहील का, बाजार किती राहील, यावर समाजवाद्यांचेच आपसात शंभर वर्षांहून जुने वाद आहेत.

असं चित्र रंगवताना बहुतेक लोक वाटपापासून सुरुवात करतात, म्हणजे कुणाच्या वाट्याला किती येईल इथून. मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करते. तिथल्या माणसाला कशाकशाला ‘नको’ म्हणता येईल? हे काम नको, ही वस्तू नको, ही सभा नको, आणि शेवटी हा समाजच नको. असं म्हटल्यावर त्याच्या डोक्यावरचं छप्पर आणि पुढ्यातलं अन्न जाणार नसेल, तर तो समाज राहण्याजोगा आहे. जाणार असेल, तर भिंतीवर कोणत्याही घोषणा लिहिलेल्या असोत, मला तिथे राहायचं नाही.

आधी काम. आज ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याला कामाला नकार देणं परवडत नाही. वरिष्ठ घालूनपाडून बोलतो, पाळी लांबत जाते, छातीत धूळ साठते. तरी महिनाअखेर भाडं भरायचं असतं म्हणून माणूस टिकून राहतो. समाजवादाची सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात खरी बाजू इथे आहे. घर, दवाखाना आणि मुलांची शाळा नोकरीला टांगलेली नसेल, तर माणूस ताठ मानेने काम धरतो आणि ताठ मानेने सोडतो.

म्हणूनच एखाद्या राजवटीने स्वतःला समाजवादी म्हणवावं आणि काम सोडण्याचा हक्कच हिरावून घ्यावा, याची मला मनापासून चीड येते. सोव्हिएत संघात हेच झालं. २६ जून १९४० च्या हुकुमाने परवानगीशिवाय नोकरी सोडणं फौजदारी गुन्हा ठरलं आणि ही शिक्षा रद्द व्हायला १९५६ साल उजाडलं. पुढे १९६१ मध्ये ‘ऐतखाऊ’ लोकांविरुद्ध कायदा आला. त्याखाली १९६४ मध्ये लेनिनग्राडला जोसेफ ब्रॉडस्की या तरुण कवीवर खटला चालला. तुम्हाला कवींमध्ये कुणी घातलं, असं न्यायाधीशबाईंनी विचारलं. कुणीच नाही, आणि मला माणसांमध्ये तरी कुणी घातलं, असं त्याने उलट विचारलं. शिक्षा झाली पाच वर्षं दूर उत्तरेत हद्दपारीची आणि सक्तीच्या कामाची. या ब्रॉडस्कीला १९८७ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं हे लोक आवर्जून सांगतात, जणू तेवढ्यासाठीच खटला चुकीचा होता. ज्याच्या कविता कुणीही वाचणार नाही अशा सुमार कवीलाही तोच हक्क हवा. कोणतं काम ‘खरं’ काम, हे ठरवणारी एकच खिडकी असेल तर ती खिडकी आज ना उद्या कुणाच्या तरी गळ्याला फास लावणार.

मग घाणीचं, धोक्याचं, कंटाळवाणं काम कोण करणार? हा प्रश्न टाळून पुढे जाणाऱ्या समाजवाद्यावर विश्वास ठेवू नका. एका उद्योगात रात्रपाळीवरून हेच अडलं होतं. आधी चिठ्ठ्या टाकल्या. घरी तान्हं मूल असलेल्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या की पुढचे आठ दिवस धुसफूस. मग सगळ्यांना सक्तीची फिरती पाळी लावली, तर रात्री यंत्रावर हात बसलेला माणूसच नसायचा आणि माल वाया जायचा. शेवटी ठरलं ते असं: आठवड्याचे तास सगळ्यांनी सारखेच भरायचे, पण रात्रीचा एक तास सव्वा तास म्हणून मांडायचा. फळ्यावर तक्ता लावला, नावं अर्धीच आली. सव्वाचा दीड केला आणि तक्ता भरला. आलेली नावं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. एक प्रौढ बाई होत्या, त्यांना दिवसा आईची शुश्रूषा करायची होती. एक मुलगा दिवसा शिकत होता. ढकलावं कुणालाच लागलं नाही. पुढे नावं जास्त व्हायला लागली तेव्हा तासाचं वजन थोडं उतरवलं.

हीच रीत गटारांना, भट्ट्यांना, खाणींना, रात्रीच्या रुग्णसेवेला लावता येते. नावं भरेपर्यंत त्या कामाच्या तासाचं वजन वाढवत जायचं. याचा एक परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. आज घाणीत उतरणाऱ्या माणसाचा तास स्वस्त आहे, म्हणून तिथे यंत्र आणायची कुणाला घाई नसते. तोच तास समाजाला महाग पडायला लागला की सगळ्यात हुशार अभियंते त्या कामाच्या मागे लागतील.

कौशल्याचं काय, शल्यविशारदाला जास्त मिळावं का, हा वाद मला त्यामानाने सोपा वाटतो. शिक्षण फुकट आणि शिकतानाही निर्वाह चालू, म्हणजे फरक फार मोठा लागत नाही. स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या मोंद्रागोन सहकारी संस्था १९५६ पासून उभ्या राहिल्या. तिथे सुरुवातीला सर्वात वरचा पगार सर्वात खालच्याच्या तिप्पट एवढीच मुभा होती. नंतर ती वाढून साधारण सहापटीच्या आसपास गेली, कारण बाहेरच्या कंपन्या चांगले व्यवस्थापक ओढून नेत होत्या. ज्या समाजात बाहेरचं हे ओढणंच नसेल, तिथे तिप्पट पुरावी असा माझा अंदाज आहे.

आता वेळ. भविष्यातल्या समाजाविषयी बोलताना लोक वस्तूंबद्दल खूप बोलतात आणि वेळेबद्दल फार कमी. मला वाटतं, रोजच्या जगण्यातला सगळ्यात मोठा फरक घड्याळात दिसेल. आठ तास काम, आठ तास मोकळीक, आठ तास झोप ही मागणी ब्रिटिश समाजवादी रॉबर्ट ओवेनने १८१७ च्या सुमारास मांडली. १९३० मध्ये अर्थशास्त्रज्ञ केन्सने म्हटलं होतं की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. उत्पादकता त्याच्या अंदाजाप्रमाणे वाढली, तास मात्र तेवढे उतरले नाहीत. यंत्र सुधारलं की दोन वाटा फुटतात: तेवढ्याच वेळात जास्त माल काढायचा, किंवा तेवढाच माल कमी वेळात. आज कोणती वाट धरायची हे मालक ठरवतो आणि त्याला दुसऱ्या वाटेत काही मिळत नाही. कामगारांच्या मालकीच्या जागी हा प्रश्न निदान पटलावर येतो. मी पाहिलंय की तिथेही मतं दुभंगतात. तरुणांना मिळकत हवी असते, लेकुरवाळ्यांना आणि वयस्कांना तास. म्हणून सगळ्यांसाठी एकच उत्तर बांधू नये. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपापलं गणित मांडावं: मला इतके तास, त्या बदल्यात इतका वाटा. कुणी तिशीत भरपूर काम करेल आणि चाळिशीत दोन वर्षं नुसतं शिकेल, फिरेल किंवा आजारी वडिलांजवळ बसेल.

वेळेशी वरून खेळ केला तर काय होतं याचंही उदाहरण आहे. १९२९ मध्ये सोव्हिएत संघाने यंत्रं एकही दिवस थांबू नयेत म्हणून पाच दिवसांचा अखंड आठवडा आणला. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला रंग दिला, ज्याच्या त्याच्या रंगाच्या दिवशी त्याची सुट्टी. नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मुलांच्या शाळेची तिसऱ्या. कागदावर प्रत्येकाला पूर्वीपेक्षा जास्त सुट्ट्या मिळत होत्या. पण सुट्टी ही एकट्याची वस्तू नसते. ती कुणाबरोबर तरी घालवायची असते. १९३१ मध्येच ही पद्धत मागे घ्यायला सुरुवात झाली. तास आणि दिवस ही माणसांनी एकमेकांशी जुळवायची गोष्ट आहे, आणि वरच्या कार्यालयाला त्या जुळणीची माहिती कधीच नसते.

आता बूट. हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण समाजवादावरचा सगळ्यात जड आक्षेप त्यातच आहे. १९२० मध्ये ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ लुडविग फोन मिझेसने तो मांडला: बाजारभाव नसतील तर चामडं बुटांना द्यायचं की यंत्राच्या पट्ट्यांना, याचा हिशेबच करता येणार नाही. १९४५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख हायेकने त्यात भर घातली की कुणाला काय हवंय आणि कुठे काय पडून आहे ही माहिती लाखो माणसांत विखुरलेली असते, ती एका टेबलावर गोळा होत नाही. हे आक्षेप मी मनापासून गंभीर मानते. त्यांच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या योजनांचं काय होतं ते हंगेरीचा अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाईने १९८० मध्ये सविस्तर दाखवलं. तोट्यातल्या कारखान्याला सरकार नेहमीच सावरून घेतं, म्हणून कारखाना कच्चा माल मागतच राहतो आणि टंचाई कायमची मुक्कामाला येते. पूर्व जर्मनीत मोटारीसाठी दहा-दहा वर्षांहून जास्त वाट पाहावी लागायची. कारखान्याचं लक्ष्य वजनात मोजलं की माल जड होतो, नगांत मोजलं की तकलादू होतो. याला कामगाराचा आळस कारण नसतो. ज्याला बूट घालायचेत त्याच्या हातात ‘नको’ म्हणायचं साधनच ठेवलेलं नसतं.

पण खासगी मालकीशिवाय ते साधन देता येत नाही, हे मात्र खरं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये रेशन होतं. काही जिन्नस माणशी ठराविक मिळायचे. १ डिसेंबर १९४१ पासून त्याच्या जोडीला गुणांची पद्धत आली. डबाबंद वस्तूंसाठी प्रत्येकाला चार आठवड्यांना १६ गुण मिळायचे आणि ते कोणत्या डब्यावर खर्च करायचे हे त्याचं तो ठरवायचा. एखादा जिन्नस पडून राहिला की सरकारी अन्नखातं त्याचे गुण उतरवायचं, दुकानातून भराभर उठला की चढवायचं. गरीब-श्रीमंत सगळ्यांना गुण सारखेच, आणि तरी आवडीनिवडीला जागा होती. तो समाजवाद नव्हता, ती युद्धकाळातली निकड होती. पण समान वाटा आणि स्वतःची निवड एकत्र नांदू शकतात, हे लाखो घरांनी वर्षानुवर्षं अनुभवलं.

याहून बोलकं उदाहरण अलीकडचं आहे. अमेरिकेत ‘फीडिंग अमेरिका’ ही संस्था देशभरातल्या अन्नपेढ्यांना, म्हणजे गरिबांपर्यंत अन्न पोचवणाऱ्या केंद्रांना, दान आलेलं अन्न वाटते. पूर्वी क्रमाने पाळी लावून वाटप व्हायचं. त्यात बटाट्याच्या प्रदेशातल्या पेढीला बटाट्यांचा ट्रक देऊ केला जायचा आणि धान्याची खरी गरज असलेल्या पेढीला तिची पाळी येईपर्यंत थांबावं लागायचं. २००५ मध्ये त्यांनी एक आतलं चलन सुरू केलं. पेढीच्या भागात गरीब लोक किती आहेत त्यानुसार तिला वाटे मिळायचे आणि पेढ्या मालावर त्या वाट्यांची बोली लावायच्या. बोलीत खर्च झालेले वाटे पुन्हा सगळ्यांत गरजेप्रमाणे वाटले जायचे, म्हणजे कुणी साठवून शेठ होऊ शकत नव्हतं. काही दिवसांतच दिसलं की न्याहारीची कोरडी धान्यं पेढ्यांना फार मोलाची वाटतात आणि नाशवंत भाजीपाला जवळजवळ फुकट सुटतो. वरच्या कार्यालयाला हे आधी ठाऊक नव्हतं. बाजारावर विश्वास नसलेले, स्वतःला समाजवादी म्हणवणारे एक पेढीचालक सुरुवातीला या कल्पनेच्या विरोधात होते. तेही पुढे तिच्या बाजूने झाले. हायेकचा आक्षेप इथे बरोबर ठरला, आणि त्याचं उत्तरही मिळालं: भाव हवेत, पण भाव असायला नफा आणि संपत्तीची दरी असायलाच हवी असं नाही. सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच १९३९ मध्ये प्लायवुड कारखान्याच्या यंत्रांवर कामाची वाटणी करता करता याच जागी पोचला होता. त्याच्या गणितातून दुर्मीळ साधनांची ‘किंमत’ आपोआप बाहेर पडायची. त्याच्याच देशातल्या पंडितांनी तिच्याकडे बराच काळ संशयाने पाहिलं. नोबेल मिळालं १९७५ मध्ये.

तर माझ्या कल्पनेतल्या समाजात घर, औषध, शाळा, वाहतूक हे मोजदादीशिवाय, आणि त्यापलीकडे प्रत्येकाच्या हाती एक वैयक्तिक वाटा, जो त्याने कशावरही खर्च करावा, कुणालाही कारण न देता. हे ‘कारण न देता’ मला सोडायचं नाही. इस्रायलमधल्या किबुत्झ नावाच्या सामुदायिक वसाहतींत सुरुवातीच्या काळात कपडेही सामाईक असायचे. आठवड्याला धुलाईघरातून आपल्या मापाचा सदरा उचलायचा. गेल्या आठवड्यात तोच कुणी घातला होता हा प्रश्नच नाही. मग कपड्यांवर नावं आली. मग ठराविक नगांचा कोटा, मग कपड्यांसाठी थोडी स्वतंत्र रक्कम, आणि शेवटी एकच वैयक्तिक रक्कम, कपडे घ्या नाहीतर आणखी काही घ्या. खोलीत चहाची किटली ठेवू द्यावी का यावरूनही तिथे वाद झडले, कारण किटली आली की लोक सामाईक भोजनगृहात येऊन बसणार नाहीत अशी भीती होती. हे सगळे ध्येयवादी लोक होते, स्वखुशीने आलेले, एकमेकांना ओळखणारे. त्यांनासुद्धा माणसामागे एक लहानसा कोपरा बिनहिशेबाचा सोडावा लागला. ज्या समाजात करोडो अनोळखी माणसं असतील तिथे तो कोपरा पहिल्या दिवसापासून सोडलेला असावा.

वेगळ्या घडणीच्या बुटांचा प्रश्न तरीही उरतो. बहुमताला जे हवं ते योजना बनवेल; ज्याला आडवे रुंद तळवे आहेत त्याचं काय? इथे मी छोट्या गटांच्या बाजूची आहे. चार-पाच जणांनी एकत्र येऊन सांगितलं की आम्हाला असे बूट करून पाहायचेत, तर त्यांना सामाईक यंत्रशाळेत जागा आणि थोडा माल मिळावा, बहुमताची परवानगी न घेता. आणि मंजुरी देणाऱ्या समित्या अनेक असाव्यात, एकमेकींपासून स्वतंत्र; एकीने नाकारलं तर दुसरीकडे जाता यावं. लिनक्स ही सगळ्यांना खुली संगणकप्रणाली १९९१ मध्ये सुरू झाली, विकिपीडिया २००१ मध्ये, आणि दोन्ही कुठल्याच नियोजन मंडळाच्या यादीत नव्हते. मोकळा वेळ आणि हाताशी साधन असलं की माणसं विनानफा काय उभं करतात ते जगाने पाहिलंय. फक्त आज ती सवड सगळ्यांना नाही.

घराबद्दल थोडक्यात. व्हिएन्ना नगरपालिकेने १९२३ ते १९३४ या काळात साठ हजारांहून जास्त घरं बांधली, घरबांधणी कर लावून, आणि तो कर आलिशान घरांवर सर्वांत जड होता. १९३० मध्ये खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या वसाहतीत १,३८२ घरं होती, सोबत धुलाईघरं, बालवाड्या, ग्रंथालय. पुरेशी घरं बांधणं हा सुटलेला प्रश्न आहे, इच्छा असली की होतं. न सुटलेला प्रश्न म्हणजे नदीकाठचं घर कुणाला. ते सगळ्यांना देता येत नाही आणि कोणतीही व्यवस्था आली तरी नदीची लांबी वाढत नाही. मला यात वशिल्यापेक्षा सोडत बरी वाटते, आणि जोडीला वैयक्तिक वाट्यातून जास्तीचं मोल देऊन अदलाबदल करण्याची मुभा.

मुलं आणि घरकाम याबाबत एकच सांगते. किबुत्झमध्ये मुलं वेगळ्या बालघरात झोपायची, आईबापांना दिवसातले काही तास भेटायची. हेतू चांगला होता, बाईच्या खांद्यावरचं ओझं उतरवायचं होतं. पण आयांनाच ते नकोसं झालं आणि विसावं शतक संपेपर्यंत मुलांची रात्रीची झोप पुन्हा आपापल्या घरी आली. पाळणाघर दारापाशी असावं, सार्वजनिक भोजनगृह चांगलं असावं, आणि मुलाला किती वेळ तिथे ठेवायचं हे त्याच्या घरच्यांनी ठरवावं. आणि घरी मूल किंवा आजारी माणूस सांभाळणाऱ्याचे तास कामाचे तास म्हणून मांडावेत. नाहीतर समाजवाद बाहेर येईल आणि स्वयंपाकघरात जुनंच राज्य चालू राहील.

आता सभा. ज्यांना त्या आवडत नाहीत त्यांच्याशी मी सहमत आहे, आणि माझं निम्मं आयुष्य सभांमध्ये गेलंय. सभेत जिंकतो तो बहुधा ज्याला संध्याकाळ मोकळी आहे आणि ज्याचा आवाज मोठा आहे. लेकुरवाळी बाई साडेसातला उठून जाते आणि आठ वाजता खरा निर्णय होतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पोटनियमांत काही गोष्टी घालायला लावतेच. सभा कामाच्या वेळेत, भरपगारी. विषयपत्रिका आधी, आणि पत्रिकेत नसलेल्या विषयावर मतदान नाही. गैरहजर राहिलेल्याचा कोणताही हक्क कमी होणार नाही. मोठ्या निर्णयांसाठी सगळ्यांना बोलवण्यापेक्षा चिठ्ठी काढून निवडलेले, काही दिवस कामातून मोकळे केलेले लोक, जे तज्ज्ञांना प्रश्न विचारतील आणि मग ठरवतील. आयर्लंडने २०१६ पासून नागरिकसभांसाठी लोक असेच चिठ्ठीने निवडले. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिक नगरपालिकेच्या खर्चाचा क्रम ठरवू लागले, आणि गरीब वस्त्यांकडे पाणी-गटाराच्या सोयी वळल्या. तिथे लोक सभेला आले कारण सभेतून नळ येत होता. ज्या सभेतून काहीच येत नाही तिला लोक जात नाहीत, आणि बरोबरच करतात. बाकी बहुतेक गोष्टी सभेत येऊच नयेत. काय खायचं, काय घालायचं, कुणाबरोबर राहायचं, कोणत्या देवाला भजायचं किंवा भजायचं नाही, यावर मतदान होत असेल तर उठून बाहेर पडावं.

बाहेर पडण्यापर्यंत आलोच आहोत तर शेवटचा, आणि मला सगळ्यात अवघड वाटणारा भाग. ज्याला तो समाजच नको असेल त्याचं काय? मोंद्रागोनमध्ये प्रत्येक सभासदाचं स्वतंत्र भांडवली खातं असतं, सोडून जाताना ते परत मिळतं. २०१३ मध्ये तिथली घरगुती उपकरणं बनवणारी फागोर बुडाली, तेव्हा त्यात गुंतलेल्या पैशाचं नुकसान झालं, पण बऱ्याच सभासदांना इतर सहकारी संस्थांनी सामावून घेतलं. संस्था बुडू शकते, माणूस बुडू नये, अशी ती रचना आहे, आणि ती मला देशाच्या पातळीवरही हवी. उलट १९६१ मध्ये बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली, कारण शिकलेले लोक निघून जात होते. १९७२ मध्ये सोव्हिएत सरकारने देश सोडणाऱ्या सुशिक्षितांवर शिक्षणखर्चाची भरपाई म्हणून मोठा कर लावला. बाहेरच्या दबावामुळे तो फार टिकला नाही. त्यामागचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. समाजाने फुकट डॉक्टर घडवला आणि तो शिकून निघून गेला, तर मागे राहिलेल्या रुग्णांचं काय?

या प्रश्नावर माझ्या ओळखीचे अनेक प्रामाणिक समाजवादी परतफेडीच्या बाजूचे आहेत. काही जण पाच वर्षं सेवेची अट सुचवतात. मी दोन्हीच्या विरोधात आहे. अठरा वर्षांच्या मुलीने शिक्षण घेतलं म्हणून ती समाजाची ऋणको ठरली, तर फुकट शिक्षणाचं पुन्हा कर्जच झालं. तिला पदवी, तिचा साठलेला वाटा आणि पासपोर्ट घेऊन जाता आलं पाहिजे, आणि दहा वर्षांनी परत यावंसं वाटलं तर त्याच हक्कांवर परत येताही आलं पाहिजे. किती जण जातात याचे आकडे दरवर्षी उघड प्रसिद्ध व्हावेत, कोणत्या भागातून, कोणत्या कामातून, आणि जाताना त्यांनी काय कारण सांगितलं त्यासकट. एखाद्या रुग्णालयातल्या परिचारिका ओळीने सोडून जात असतील, तर तिथल्या पाळ्या आणि तासांचं वजन पुन्हा मांडायला घ्यावं, आणि त्या मांडणीला अजून राहिलेल्या परिचारिकांनाच बसवावं.